मानेचं दुसरं टोक

रविवारी सकाळी चिकनच्या दुकानात रांगेतल्या सगळ्यांचं मागणं एकाच चालीवर चाललेलं असतं. करी पीस करा, कातडी काढा, कलेजी-पेटा वेगळा बांधा. माझ्या पुढच्या बाई मात्र म्हणाल्या, "चाचा, माना द्या अर्धा किलो. स्किनसकट. आणि तोडू नका, अख्ख्या ठेवा."

चाचांनी ठोकळ्यामागच्या टोपलीत हात घातला. "पोरीला दात तरी आलेत का नीट?"

पोरगी म्हणजे तीन महिन्यांची कारवानी कुत्री, सांगलीकडून आणलेली. अख्ख्या, कच्च्या माना तिच्यासाठी होत्या.

आमच्या घरी चौदा वर्षं कुत्रा होता. चिकन झालं की आई जेवणानंतर ताटातली हाडं मोजून कागदात बांधायची, एखादं त्याच्या तोंडी लागू नये म्हणून. त्या घरात वाढलेल्या मला, चांगली शिकलीसवरलेली बाई पिल्लासाठी हाडं विकत घेताना पाहून राहवेना. रांगेतच ओळख करून घेतली, आणि मंगळवारी सकाळी साडेसहाला मी कोथरूडमधल्या त्यांच्या स्वयंपाकघरात उभी होते. त्यांना मी ताईच म्हणत होते, तर इथेही तेच म्हणते.

वास आधी आला. ओलं मांस आणि ब्लीच. मासळीबाजार धुऊन काढल्यावर येतो तसा. ओट्याचं एक टोक पिल्लासाठी राखून ठेवलेलं: लाल प्लॅस्टिकचा बोर्ड, एक सुरी, स्टीलचा ट्रे, डिजिटल वजनकाटा. यातली एकही वस्तू घरच्या स्वयंपाकाला वापरायची नाही. माना आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात ठेवलेल्या. ओट्यावर मांस वितळवायचं नाही.

मग हिशोब. पिल्लाचं वजन ७ किलो. त्याचे ८ टक्के म्हणजे दिवसाला ५६० ग्रॅम, चार वेळांत विभागून. त्यात हाड १० टक्के, म्हणजे ५६ ग्रॅम. पण मान म्हणजे नुसतं हाड नव्हे. कातडीसकट मानेत हाड साधारण एक तृतीयांश धरायचं, म्हणून माना १७० ग्रॅमच्या आसपास. कातडी काढली की तीच मान हाडाकडे झुकते आणि हिशोब बिघडतो. कलेजी २८ ग्रॅम, त्याहून जास्त नाही. कलेजी वाढली की शी पातळ होते आणि अ जीवनसत्त्वही फार होतं. पेटा आणि काळीज हे स्नायू, ते अवयवांत मोजायचे नाहीत. हे मला ठाऊक नव्हतं. पेटा चावताना दातांना मात्र ते कायम ठाऊक असणार.

"हाड १० टक्के," ताई पुन्हा म्हणाल्या. त्या तासाभरात हा आकडा मी सहा वेळा ऐकला. फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावरही तोच, लाल पेनानं गोल केलेला.

या पद्धतीला बार्फ म्हणतात. इयन बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्यानं १९९३ साली त्यावर पुस्तक लिहिलं. कुत्रा हा लांडग्याचा वंशज, तेव्हा त्याला कच्चं मांस, हाड आणि अवयव द्या, असा एकूण सूर. मला हा लांडग्याचा दाखला नेहमीच जरा सोयीचा वाटतो. लांडग्याची पिल्लं दूध सुटताना मोठ्यांनी पोटातून ओकून दिलेलं मांस खातात. तेवढी निष्ठा कोथरूडमध्ये कुणी दाखवत नाही.

पण पुढचं जे पाहिलं, त्यापाशी मी अजून अडकून आहे.

ताई बाल्कनीत फरशीवर मांडी घालून बसल्या. पिल्लू समोर, लांब पाय आवरता येत नाहीत असं. ताईंनी एक मान उचलली आणि तिचं एक टोक पुढे केलं. दुसरं टोक त्यांच्या अंगठ्यात आणि तर्जनीत घट्ट. पिल्लानं पुढच्या दातांनी ओढायला सुरुवात केली. ताईंनी सोडलं नाही. ओढून येत नाही म्हटल्यावर त्यानं डोकं तिरपं केलं, मान बाजूच्या दाढांखाली घेतली, आणि कट् असा आवाज आला. सुकी काटकी मोडल्यासारखा नव्हे. कोवळी काकडी मोडल्यासारखा, ओलसर.

"सोडलं असतं तर गिळलं असतं," ताई मान वर न करता म्हणाल्या. "पहिल्या आठवड्यात एकदा अख्खी गिळली आणि तशीच ओकली. माझे हातपाय गळाले. तेव्हापासून एक टोक माझ्याकडे."

ब्रॉयलर कोंबडी पाच-सहा आठवड्यांत कापली जाते, तिची हाडं पुरती कडक झालेलीच नसतात. कच्ची असतील तर ती चुरतात. शिजवली की कोरडी होतात, ठिसूळ होतात आणि टोकदार फुटतात. माझ्या आईची भीती खरी होती, कारण आमच्या ताटातली हाडं रश्श्यातली होती. ताईंच्या वॉचमनला सक्त ताकीद आहे: बिर्याणीतलं, तंदुरीतलं काही टाकायचं नाही. आणि म्हशीची नळी तर कच्चीसुद्धा नाही. ती एवढी टणक की कुत्र्याची मागची दाढच उभी फुटते.

आतून ताईंच्या सासूबाईंचा आवाज आला, "आमच्याकडे मक्याच्या कण्या नि ताक. सशामागं सुटला की दिसायचा नाही कुत्रा." त्यांचं माहेर जतकडचं. घरात कारवानी कुत्री पिढ्यान्‌पिढ्या. ताई हसल्या, पण उत्तर दिलं नाही. म्हातारीच्या बाजूनं सांगायचं तर २०१३ साली 'नेचर'मध्ये आलेल्या संशोधनात दिसलं की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उंबऱ्यावर राहून कुत्रा भाकरी पचवायला शिकला. कण्या-ताकाला विज्ञानाचा आधार निघाला, हे सासूबाईंना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "त्यात काय सांगायचं?"

पिल्लाच्या डॉक्टरांकडे मी ताईंबरोबरच गेले. त्यांचा पहिला प्रश्न पिल्लाबद्दल नव्हताच. "घरात लहान कोण येतं?" दोन वर्षांचा नातू, दर शनिवारी. "मग शनिवारचं जेवण शिजवलेलं, बिनहाडाचं. आणि नातवाचं तोंड चाटू द्यायचं नाही, कुठल्याच दिवशी." कच्च्या चिकनमधला साल्मोनेला पिल्लाला काहीही न होता त्याच्या शीतून बाहेर पडत राहतो. फ्रीझरनं तो मरत नाही, थांबतो. अमेरिकन पशुवैद्यकांच्या संघटनेनं कुत्र्या-मांजरांना कच्चं मांस देऊ नये, असं धोरण २०१२ सालीच ठरवलं. मेलबर्नमध्ये २०१८ साली कच्चं चिकन खाणं आणि कुत्र्याचे पाय लुळे पडण्याचा एक आजार यांचा संबंध दिसला. डॉक्टरांनी हे सगळं एका दमात सांगितलं, आवाज न चढवता. ताईंनी वहीत लिहून घेतलं.

मग ताईंचा आकडा आला. "हाड १० टक्के."

"१० टक्के हाड," डॉक्टर म्हणाले. "कॅल्शियम किती?"

ताई थांबल्या.

इथून पुढे मी डॉक्टरांच्या बाजूची झाले, हे कबूल करते. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम जवळजवळ नाही. ते कमी पडलं की पिल्लाचं शरीर स्वतःच्याच हाडातून काढतं. वाकलेल्या पायांची जी पिल्लं त्यांच्याकडे येतात, त्यातली बहुतेक बोनलेस चिकन आणि भात खाणारी, लाडाची. उलट कॅल्शियम फार झालं तरी पिल्लाच्या आतड्याला ते नाकारता येत नाही. मोठ्या कुत्र्याला येतं. नेदरलँड्समध्ये उट्रेख्टला १९८५ साली ग्रेट डेन पिल्लांवर हे दाखवलं गेलं: जादा कॅल्शियमनं त्यांचे सांगाडेच बिघडले. १० टक्के हा आकडा अंदाजाचा, तोही मोठ्या कुत्र्यावरून घेतलेला. कोंबडीचं वय बदललं, मानेऐवजी पाय दिले, की त्याच १० टक्क्यांतलं कॅल्शियम बदलतं. शिवाय जस्त, आयोडीन, ई जीवनसत्त्व राहतंच. डॉक्टरांनी दिवसाचा पूर्ण आहार पशुआहारतज्ज्ञाकडून तपासून घ्यायला सांगितलं, आणि शी पांढरी, खडूसारखी दिसली तर हाड त्याच दिवशी कमी.

निघताना ताईंनी विचारलं, चाचा बोकडाचं फोफसं फुकट देतात, ते चालेल का? डॉक्टर पहिल्यांदाच खुर्चीवरून उठले. शेळ्यामेंढ्यांच्या फुप्फुसात, कलेजीत पाण्याच्या फोडासारख्या गाठी असू शकतात. त्या कच्च्या खाल्ल्या की कुत्र्याच्या पोटात पट्टकृमी होतात, त्यांची अंडी शीतून बाहेर, आणि तीच माणसाच्या पोटात गेली की गाठी माणसाच्या यकृतात. "बोकडाचं काहीही कच्चं नाही," ते म्हणाले. "जंताचं औषध वेळच्या वेळी. आणि चाचांनाही सांगा, ते दुकानामागच्या कुत्र्यांना टाकू नका."

पुढच्या मंगळवारी पुन्हा गेले. फ्रिजवरच्या कागदावर १० टक्क्यांपुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह आलं होतं. आहारतज्ज्ञाचं उत्तर यायचं होतं. तोवर सकाळी माना, बाकी तीन वेळा शिजवलेलं आणि पिल्लांचं कोरडं खाणं.

"धरता?" ताईंनी मान माझ्यापुढे केली.

दोन बोटांत धरली. गार, बुळबुळीत. पिल्लानं माझ्याकडे पाहिलं, मग ताईंकडे, मग ओढलं. मी सोडलं नाही. त्यानं डोकं तिरपं केलं, आणि तो कट् या वेळी मला ऐकू येण्याआधी बोटांत लागला.

मी उठून नळाकडे निघाले तर सासूबाईंनी काठी आडवी घातली. "हातानं नको गं. कोपरानं उघड."