एका गावात दोन गाद्या, एका डोक्यात दोन भाषा : धार-देवासच्या मराठी घरांतली मुलं आणि मेंदूची वाढ

देवासमधलं मराठी घर. संध्याकाळची वेळ. "बाळा, हातपाय धुऊन ये, पोळी वाढते," आजी हाक मारते. "आ रहा हूं, आजी," नातू उत्तर देतो. आजीचं सगळं बोलणं त्याला कळतं, पण तोंडातून येते ती हिंदीच.

धार आणि देवासच्या मराठी घरांत हे नवं नाही. त्यावर होणारी चर्चाही ठरलेली. "शाळेत हिंदी, त्यात इंग्रजी. वर घरात मराठी कशाला? पोराच्या डोक्यात गोंधळ होईल." मूल जरा उशिरा बोलायला लागलं की हा सल्ला हमखास मिळतो आणि पुष्कळ आईवडील तो ऐकतातही. पण लहान मेंदूला दोन भाषांचा खरंच त्रास होतो का?

मराठी इथं आली कशी?

अठराव्या शतकात मराठ्यांच्या फौजा माळव्यात आल्या, त्यांत पवार घराणं होतं. धारची गादी पवारांची. देवासला तुकोजी आणि जिवाजी या भावांच्या दोन गाद्या. शहर एकच, पण थोरली पाती आणि धाकटी पाती अशी संस्थानं दोन. त्यांच्यासोबत कारकून, शिलेदार, भिक्षुक, वैद्य अशी अनेक मराठी कुटुंबं आली आणि इथलीच झाली. १९४८ मध्ये ही संस्थानं मध्य भारतात विलीन झाली. दरबार गेला, मराठीला असलेला राजाश्रयही गेला. शाळा हिंदी, बाजार हिंदी आणि माळवी. मराठी उरली ती घराच्या उंबरठ्याच्या आत. म्हणून घरात काय बोललं जातं, याला इथं पुण्या-कोल्हापूरपेक्षा जास्त महत्त्व आहे.

पहिली सहा वर्षं

नवजात बाळाचा मेंदू साधारण ३५० ते ४०० ग्रॅमचा असतो. मोठ्या माणसाचा १३०० ते १४०० ग्रॅम. सहाव्या वर्षापर्यंत मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या जवळपास नव्वद टक्के आकाराचा होतो. बहुतेक मज्जापेशी जन्मतःच असतात. पुढं झपाट्यानं वाढतात त्या पेशींमधल्या जोडण्या. ज्या जोडण्या रोज वापरात येतात त्या पक्क्या होतात, ज्या वापरात नाहीत त्या हळूहळू छाटल्या जातात. शेतातल्या पायवाटेसारखंच हे. रोज चाललात तर वाट राहते, नाही तर गवत माजतं.

भाषेचंही तसंच आहे. १९८४ मध्ये कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना दोन्हींतला फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो कळेना. हिंदी कानावर पडणाऱ्या बाळांची जाण मात्र टिकून होती. म्हणजे तोंडातून पहिला शब्द येण्याआधीच कान आपली भाषा निवडायला लागलेला असतो.

आता हे मराठीला लावून बघा. प्रमाण हिंदीत 'ळ' नाही. 'चार'मधला 'च' आहे, पण 'चाक'मधला 'च' नाही. घरात मराठी ऐकू आलीच नाही तर 'पोळी'ची 'पोली' होते आणि 'काळा'चा 'काला'. यात मुलाचा दोष काय? त्याच्या कानाला खुराकच मिळाला नाही.

मोबाईल आजीची जागा घेईल?

"यूट्यूबवर मराठी बालगीतं लावून देतो की," असं अनेक जण म्हणतात. अमेरिकेत पॅट्रिशिया कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग इथं उपयोगी आहे. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांशी काही आठवडे चिनी भाषा बोलणारी माणसं प्रत्यक्ष खेळली, गोष्टीची पुस्तकं वाचून दाखवली. ती बाळं चिनी भाषेतले ध्वनी ओळखायला शिकली. दुसऱ्या गटाला तेच सगळं व्हिडिओवर दाखवलं. त्यांना काहीच लागलं नाही. त्या वयाचा मेंदू भाषा शिकतो ती नजरेला नजर देणाऱ्या, हसणाऱ्या, उत्तराची वाट बघणाऱ्या माणसाकडून. आजीला पर्याय नाही तो असा.

गोंधळ की हुशारी?

"आजी, माझे जूते कहां आहेत?" असं मूल बोललं की घरचे हसतात, कधी घाबरतात. पण ही सरमिसळ म्हणजे गोंधळ नव्हे. हाताशी जो शब्द आहे तो घेऊन मूल आपलं काम भागवतं. आजीशी कुठली भाषा, शेजारच्या मित्राशी कुठली, हे दोन भाषांत वाढणारी मुलं फार लवकर ओळखतात. एकेका भाषेतला शब्दसाठा सुरुवातीला कमी वाटतो. दोन्हींची बेरीज केली तर तो एकभाषिक मुलांच्या तोडीचा भरतो.

दोन भाषांमुळं बोलणं लांबण्याचा आजार होत नाही. म्हणूनच दुसरा धोका लक्षात घ्यायला हवा. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाकेला ओ देत नसेल, तर "दोन भाषांमुळं होत असेल" म्हणून थांबू नका. आधी कानाची तपासणी करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ऐकू न येणं आणि वाढीतला विलंब यांची तपासणी होते. अंगणवाडीत विचारलं तर माहिती मिळते. यात गेलेले महिने भरून काढणं अवघड असतं.

मोठं झाल्यावर

बारा-तेराव्या वर्षी घरची भाषा टाळायची लाट येते. मित्रांसमोर आई मराठीत बोलली तर लाज वाटते. त्यामागंही मेंदू आहे. मित्रांच्या पसंतीला तो या वयात फार जागा असतो, तर सारासार विचार करणारा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत तयार होत राहतो. अशा वेळी सक्ती केली की भाषा नकोशी होते. घरात बोलत राहावं, उत्तर हिंदीत आलं तरी चालेल.

उतारवयाचाही विचार करा. हैदराबादमध्ये डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली. शाळेची पायरी न चढलेल्यांतही हा फरक होता. सगळ्याच अभ्यासांत असा निष्कर्ष निघालेला नाही, त्यामुळं दुसरी भाषा म्हणजे औषध असं कुणी समजू नये. पण तिनं नुकसान होतं, असं मात्र कुठंच दिसलेलं नाही.

फक्त मराठीचा प्रश्न नाही

धार जिल्ह्यात निम्म्याहून अधिक लोकसंख्या आदिवासी आहे. भिली, भिलाली बोलणारं मूल पहिल्यांदा शाळेत बसतं आणि समोर हिंदी असते. ते गप्प बसलं की "मंद आहे" असा शिक्का बसतो. वास्तविक त्याच्या मेंदूत एक भाषा पक्की झालेली असते, शाळा तिला हाक मारत नाही एवढंच. शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावं, असं २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणतं, ते यासाठीच.

आणि वय उलटलं म्हणून दार बंद होतं असंही नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत जन्मलेले, कानडी घरातले कुमार गंधर्व क्षयानं आजारी होऊन १९४८ मध्ये देवासला आले. गाणं बंद होतं त्या काळात त्यांनी माळवी लोकगीतं कान देऊन ऐकली आणि पुढं आपल्या गाण्यात आणली. १९९२ मध्ये देवासलाच त्यांचं निधन झालं. ऐकत राहिलं तर मोठा मेंदूही शिकतो. लहान मेंदूला कमी कष्ट पडतात, इतकाच फरक.

बेळगाव-निपाणी असो की बऱ्हाणपूर, देवास असो की धार, घरच्यांनी करायचं ते सोपं आहे. घरातल्या एकानं तरी मुलाशी रोज मराठीतच बोलावं. जेवताना, आंघोळ घालताना, झोपवताना गोष्ट सांगताना. चुका काढू नयेत, चुकलेला शब्द आपण नीट म्हणून पुढं जावं. नातू "आ रहा हूं" म्हणाला तरी आजीनं "ये रे बाळा" म्हणणं सोडू नये.