शेळीचा गुडघा कोठे असतो?

चित्रकलेच्या तासाला शेळी काढायला सांगितली की बहुतेक वह्यांत चार खांबांवर ठेवलेली एक पेटी दिसते. यात मुलांचा दोष नाही. मुले फळ्यावरची शेळी काढतात आणि फळ्यावरची शेळी आपणही पुस्तकातूनच घेतलेली असते.

बुलढाणा जिल्ह्यातील दुसरबीड येथे आम्ही एकदा कडुनिंबाखाली बांधलेल्या शेळीसमोर वही घेऊन बसलो. मागच्या पायाशीच हात अडला. मधला सांधा चक्क मागे वळलेला! मग शेळीचा गुडघा उलटा असतो काय? जवळ जाऊन पाय चाचपला. (शेळीने फारशी तक्रार केली नाही.) खरा गुडघा वर, पोटाच्या कडेशी जवळजवळ दडलेला असतो आणि तो आपल्यासारखाच पुढच्या बाजूला असतो. आपण ज्याला गुडघा समजतो ती टाच! तिच्याखालचा लांब भाग म्हणजे तळपायाचे हाड आणि जमिनीला टेकतात ते दोन बोटांचे खूर. लहानपणापासून शेळ्या पाहत आलो, पण हा प्रश्न पेन्सिल अडल्यावरच पडला.

न पाहता काढलेले चित्र किती काळ फसवते पाहा. १५१५ साली भारतातून एक गेंडा लिस्बनला पोहोचला. जर्मन चित्रकार ड्यूररने तो पाहिला नव्हता. दुसऱ्याचे रेखाटन आणि वर्णन यांवरून त्याने लाकडी ठशाचे चित्र केले. त्यात गेंड्याला चिलखतासारखे पत्रे आणि खांद्यावर एक जादा शिंग आले. चित्र इतके झोकदार, की युरोपातील ग्रंथांत त्याच्या नकला अठराव्या शतकापर्यंत होत राहिल्या.

त्याच शतकाच्या अखेरीस, १७९० मध्ये, पुण्याच्या गंगाराम तांबट या चित्रकाराने पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडा रेखाटला. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी तो चित्रे काढीत असे. त्याच्यासमोर मात्र खराखुरा गेंडा होता.

आपल्या मुलांसमोर शेळी, गाय, बैल आहेतच. जनावर हलते म्हणून मुले कुरकुरतात. एकाच पानावर पाच-सहा अर्धवट आकृत्या काढू द्याव्यात; जनावर पुन्हा त्याच स्थितीत आले की जुनी आकृती पुढे न्यावी. खोडरबर घरीच ठेवावे. शेजारी तारीख, वेळ व ठिकाण लिहावे. शेळीच्या डोळ्यातील बाहुली उभी की आडवी? बसलेली गाय उठताना आधी कोणते पाय उचलते, आणि घोडा कोणते? बैलाच्या वरच्या जबड्यात पुढचे दात असतात का? हा शेवटचा प्रश्न मात्र बैलाच्या मालकाला सोबत घेऊनच सोडवावा.