पदवी मिळाली, हात तयार झाला काय?

पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडील चर्चा प्रवेशपरीक्षेच्या गुणांपाशी येऊन थांबते. २०२३ साली रिक्त जागा भरण्यासाठी ‘नीट-पीजी’ची पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली, तेव्हा मोठा गदारोळ झाला. तो अकारण होता असे नाही. परंतु आत घेतलेला डॉक्टर तीन वर्षांत घडवला कसा जातो, हा त्याहून मोठा प्रश्न त्यात मागेच राहिला.

या प्रश्नाला केवळ तर्काने उत्तर द्यावे लागत नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे डेव्हिड ॲश व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. फ्लोरिडा व न्यूयॉर्क या राज्यांत १९९२ ते २००७ या काळात झालेल्या सुमारे ४९ लाख बाळंतपणांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. ती करणारे ४,१२४ प्रसूतितज्ज्ञ १०७ प्रशिक्षणकेंद्रांतून बाहेर पडलेले होते. रक्तस्राव, जंतुसंसर्ग यांसारख्या गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण वरच्या पाचव्या हिश्श्यातील केंद्रांच्या डॉक्टरांकडे १०.३ टक्के, तर तळच्या पाचव्या हिश्श्यातील केंद्रांच्या डॉक्टरांकडे १३.६ टक्के आढळले. म्हणजे सुमारे एक तृतीयांशाने अधिक. हुशार विद्यार्थी चांगल्या केंद्रांकडे वळतात म्हणून असे दिसते, हा आक्षेपही पुरेसा ठरत नाही. कारण परवाना परीक्षेचे गुण हिशेबात धरूनही ही तफावत फारशी बदलली नाही.

आपल्याकडे केंद्राला मान्यता देताना अध्यापक, खाटा व उपकरणे मोजली जातात. ती मोजलीच पाहिजेत. पण तेथून बाहेर पडलेल्या तज्ज्ञांच्या रुग्णांचे पुढे काय झाले, याचा हिशेब कोणी मागत नाही. सरकारी रुग्णालयांत इतरत्र अडलेले, गंभीर रुग्ण अधिक येतात; तेव्हा आकड्यांची तुलना रुग्णांच्या अवस्थेचा विचार करूनच व्हावी, हे उघड आहे. मात्र ही अडचण मोजणी टाळण्याची सबब होऊ शकत नाही. निदान सिझेरियननंतरचा जंतुसंसर्ग व रक्तस्राव या दोन गोष्टींपासून तरी आरंभ करता येईल.

शेवटी, तालुक्याच्या गावी अडलेली बाळंतीण डॉक्टरचे गुणपत्रक पाहत नाही. ती त्याच्या हातावर विश्वास टाकते. तो हात कोठे व कसा तयार झाला, हे पाहण्याची जबाबदारी तिची नव्हे, शासनाची आहे.