घाटपायथ्याचा उन्हाळा – लेखांक ४ : पूर्वेचा वारा आणि दुपारनंतरचे ढग

समुद्रावरून दुपारी जमिनीकडे येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यांमुळे कोकणच्या किनाऱ्यावरील तापमान कसे आटोक्यात राहते, हे मागील लेखांकात पाहिले. प्रस्तुत लेखांकाचा विषय आहे तो हे वारे जेथे उशिरा पोहोचतात, किंवा काही दिवस पोहोचतच नाहीत, अशा खालापूर-कर्जत पट्ट्याचा, आणि त्यातही बोरघाटाच्या पायथ्याशी, खोपोलीलगत वसलेल्या साजगाव परिसराचा. हवामान खात्याचा अंदाज ‘रायगड जिल्हा’ या एकाच नावाने प्रसृत होतो; परंतु या जिल्ह्याची एक बाजू अलिबाग-मुरुडच्या समुद्राला आणि दुसरी सह्याद्रीच्या कड्याला टेकलेली असल्यामुळे मार्च ते मे या काळात तो अंदाज साजगावात वाचताना त्यात घाटाची भर घालूनच वाचावा लागतो.

ही भर नेमकी किती, याचा हिशेब भौतिकशास्त्र देते. हवा उंचावरून खाली उतरते तेव्हा तिच्यावरील दाब वाढतो, ती आकसते, आणि बाहेरून कोणतीही उष्णता न मिळताही केवळ या आकुंचनामुळे तापते. कोरड्या हवेच्या बाबतीत ही वाढ दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सिअस असते. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर असून खोपोली-साजगावचा सखल भाग त्याहून साडेपाचशे मीटरच्या आसपास खाली आहे, म्हणजे देशावरून आलेला आणि घाटमाथ्यावर ३६ अंश तापमान असलेला कोरडा वारा पायथ्याशी उतरेपर्यंत तत्त्वतः ४१ अंशांच्या पुढे जातो. मार्चमध्ये पूर्वेचे वारे जोरात असले की ते समुद्री वाऱ्यांना अडवून धरतात, आणि मग कोकणातील उच्चांक मे महिन्याऐवजी मार्चमध्येच नोंदले जातात. मुंबईत सांताक्रूझ येथे ४१.७ अंशांची नोंद झाली ती २८ मार्च १९५६ रोजी, आणि रायगडातच, घाटपायथ्याच्या भिरा येथे ४६.५ अंश नोंदले गेले ते २८ मार्च २०१७ रोजी.

उष्णतेची लाट जाहीर करण्याचे निकष येथे समजून घेणे आवश्यक आहे. किनारी केंद्रांसाठी कमाल तापमान किमान ३७ अंश, तर मैदानी केंद्रांसाठी किमान ४० अंश असावे लागते आणि ते त्या काळच्या सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी अधिक असावे लागते. मात्र शरीराला होणारा त्रास केवळ तापमापीवर अवलंबून नसतो. शरीर थंड होते ते घाम वाळल्यामुळे, आणि हवेत बाष्प अधिक असेल तर घाम वाळतच नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी याच जिल्ह्यातील खारघर येथे उघड्या मैदानावरील सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला, त्या दिवशी परिसरातील तापमान ३८ अंशांच्या आसपासच होते. चाळिशी ओलांडली नाही म्हणून दिवस सुरक्षित मानणे किती घातक ठरते, याचा याहून वेदनादायक दाखला जिल्ह्याला नको आहे.

एप्रिलच्या उत्तरार्धापासून चित्र बदलू लागते. पूर्वेच्या वाऱ्यांचा जोर ओसरल्याने समुद्री वारे दुपारी कड्यापर्यंत पोहोचतात. तेथे तापलेल्या उतारांमुळे ही बाष्पयुक्त हवा वर ढकलली जाते, आणि वरच्या थरात हवा पुरेशी थंड असेल तर दोन-तीन तासांत गडगडाटी ढग उभे राहतात, ज्यांचे माथे १२ किलोमीटरपलीकडेही जाऊ शकतात. वरच्या थरातील वारे पूर्वेकडून वाहत असले की घाटमाथ्यावर तयार झालेले हे ढग पश्चिमेकडे, म्हणजे खालापूर-कर्जतवर, सरकतात. ढगातून पडणाऱ्या थेंबांपैकी काही वाटेतच वाळतात, त्यामुळे गार व जड झालेली हवा वेगाने खाली कोसळून जमिनीवर पसरते, आणि म्हणूनच पावसाच्या आधी वावटळ येऊन घरांचे पत्रे उडतात. १३ मे २०२४ रोजी घाटकोपर येथे महाकाय जाहिरात फलक कोसळून १७ जणांचा बळी गेला, तो अशाच मोसमपूर्व वादळी वाऱ्यात.

अंदाजातील ‘तुरळक ठिकाणी’ या शब्दांचा अर्थ ठरलेला आहे: विभागातील पर्जन्यमापन केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असणे. ‘काही ठिकाणी’ म्हटले की हे प्रमाण २६ ते ५० टक्के होते. त्यामुळे साजगाव कोरडे राहिले आणि कर्जतला झोडपले, तर अंदाज चुकला असे होत नाही. ढगाचा विस्तारच काही किलोमीटरांचा असल्याने तो कोणत्या गावावर फुटेल हे आदल्या दिवशी सांगता येत नाही. रडारच्या आधारे पुढील तीन तासांपुरते दिले जाणारे तातडीचे इशारे आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेले विजेची सूचना देणारे ‘दामिनी’ अ‍ॅप यांचे मोल त्यामुळेच फार आहे.

या इशाऱ्यांची सर्वाधिक गरज ज्यांना असते, त्यांच्याकडे ते वेळेवर पोहोचणे हा या साऱ्या व्यवस्थेचा खरा कस आहे. भिवपुरीच्या जलविद्युत केंद्रातून बाहेर पडणारे पाणी राजनाल्याने फिरते आणि त्यावर कर्जत तालुक्यात उन्हाळी भात पिकते. त्याची कापणी व झोडणी नेमकी वादळी पावसाच्या दिवसांत येते, आणि भिजलेल्या पेंढ्यासकट धान्यही हातचे जाते. वीटभट्ट्यांवर राबणाऱ्या कातकरी कुटुंबांना दुपारचे ऊन आणि संध्याकाळची सर दोन्ही सोसावी लागतात. थापून वाळत घातलेल्या कच्च्या विटा एका सरीत पुन्हा चिखल होतात. २०२५ साली तर मुंबईसाठी ११ जून ही सर्वसाधारण तारीख असताना मोसमी पाऊस २६ मे रोजीच दाखल झाला, आणि तारखांवर बेतलेली कामे जागच्या जागी अडली. कामाचे तास सकाळी लवकर आणि उन्हे उतरल्यावर ठेवणे, ढग दाटताच उघडे शेत व एकटे झाड सोडून पक्क्या इमारतीत जाणे, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास बाहेर न पडणे, हे ग्रामपंचायतीच्या ध्वनिक्षेपकावरून रोज सांगता येण्याजोगे आहे. मोसमी पाऊस खरोखर दाखल झाला हे हवामान खाते कोणत्या निकषांवर ठरवते, हा पुढील लेखांकाचा विषय आहे.