नोकरीनंतरचे आरोग्यविमा संरक्षण

नोकरीनंतरचे आरोग्यविमा संरक्षण : नोकरीच्या नात्याने मिळणारे वैद्यकीय संरक्षण नोकरी सुटल्यावर, निवृत्तीनंतर किंवा कारखाना बंद पडल्यावर काही काळ अथवा कायम चालू ठेवण्याची व्यवस्था. आरोग्यविमा नोकरीशी जोडलेला असला, की मालक व कामगार या दोघांच्या वर्गणीतून तो कमी खर्चात चालतो. परंतु वेतन बंद होते त्याच वेळी औषधोपचाराचा आधारही जातो, हा या रचनेतील मूळ दोष होय. मधुमेह, क्षय, हृदयविकार यांसारख्या दीर्घकालीन आजारांत उपचार खंडित होणे धोक्याचे असल्याने या दोषावरील उपायांना सामाजिक सुरक्षेत महत्त्व आहे.

कामगारांसाठी सक्तीचा आजारविमा प्रथम जर्मनीत बिस्मार्कच्या कारकीर्दीत १८८३ मध्ये सुरू झाला. भारतात प्रा. बी. पी. अडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याविषयीचा अहवाल १९४४ मध्ये सादर केला. त्यातूनच पुढे कामगार राज्य विमा अधिनियम, १९४८ संमत झाला. योजनेचा प्रारंभ २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे झाला. महाराष्ट्रात ती १९५४ पासून लागू होऊ लागली. नासिक परिसरात सातपूर व अंबड येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्यावर तेथील कामगारवर्ग मोठ्या प्रमाणावर या योजनेच्या कक्षेत आला. या कामगारांसाठी सातपूर येथे योजनेचे रुग्णालय आहे.

योजनेखाली १ जुलै २०१९ पासून मालकाचे अंशदान वेतनाच्या ३.२५ टक्के व कामगाराचे ०.७५ टक्के ठरविण्यात आले. १ जानेवारी २०१७ पासून वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपये करण्यात आली. या अल्प अंशदानात कामगार व त्याचे अवलंबित कुटुंबीय यांना बाह्यरुग्ण उपचार, औषधे, रुग्णालयातील उपचार व शस्त्रक्रिया यांचा लाभ मिळतो.

अंशदान काल व लाभकाल : नोकरी सुटताच वैद्यकीय हक्कही त्याच दिवशी संपतो, असा समज आढळतो, तो बरोबर नाही. योजनेत वर्षाचे दोन अंशदान काल मानलेले असून प्रत्येकाला जोडून तीन महिन्यांच्या अंतराने सुरू होणारा एक लाभकाल असतो. एप्रिल ते सप्टेंबर या अंशदान कालाचा लाभकाल पुढील जानेवारी ते जून, तर ऑक्टोबर ते मार्च याचा लाभकाल त्यानंतरचा जुलै ते डिसेंबर असा असतो. एका अंशदान कालात किमान ७८ दिवसांचे अंशदान देय झाले असेल, तर संबंधित लाभकालाच्या अखेरपर्यंत वैद्यकीय लाभ मिळतो. मधल्या काळात नोकरी सुटली, तरी या हक्काला बाध येत नाही.

उदा., सातपूर येथील एखादा कामगार काही वर्षे सलग नोकरीत असून ३१ जुलै रोजी कमी केला गेला, असे समजू. एप्रिलपासून त्याचे ७८ पेक्षा अधिक दिवस भरलेले असल्याने तो व त्याचे कुटुंबीय पुढील वर्षीच्या ३० जूनपर्यंत उपचारास पात्र राहतात. तोच कामगार २० मे रोजी कमी झाला असता, तर त्या अंशदान कालात ७८ दिवस भरत नसल्यामुळे मागील अंशदान कालाच्या आधारे त्याचा हक्क ३१ डिसेंबर रोजी संपला असता. नोकरी सुटण्याच्या तारखेतील सुमारे दहा आठवड्यांच्या फरकाने संरक्षणात सहा महिन्यांचा फरक पडतो. राजीनाम्याची तारीख ठरविण्यास वाव असेल, तेथे ही गणना आधी करणे हिताचे ठरते. दवाखान्यात उपचार नाकारला गेल्यास अंशदानाच्या नोंदी कामगारास उपयोगी पडू शकतात. म्हणून वेतनपावत्या व विमा क्रमांकाचे ओळखपत्र नोकरी सुटल्यावरही जपून ठेवणे हिताचे असते.

निवृत्त व अपंग विमेदार : लाभकाल संपल्यानंतरचे संरक्षण कायद्याने ठराविक वर्गांनाच दिलेले आहे. किमान पाच वर्षे विमापात्र नोकरी करून नियत वयोमानाने निवृत्त झालेल्या व्यक्तीस व तिच्या पतीस अथवा पत्नीस दरमहा १० रुपये या हिशेबाने वर्षाचे १२० रुपये आगाऊ भरून वैद्यकीय लाभ चालू ठेवण्याची मुभा नियमांनी दिली. २०१० च्या दुरुस्तीने स्वेच्छानिवृत्ती योजनेखाली किंवा मुदतपूर्व निवृत्त होणाऱ्यांचाही यात समावेश झाला. कामावरील अपघाताने कायमचे अपंगत्व येऊन नोकरी सोडावी लागलेल्यास त्याच दराने निवृत्तीच्या वयापर्यंत लाभ मिळू शकतो. या सवलतीत मुले व आईवडील येत नाहीत. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली व १९४८ चा अधिनियम तीत विलीन झाला. निवृत्त व अपंग विमेदारांविषयीची तरतूद संहितेतही ठेवण्यात आली आहे.

वेतनवाढीमुळे वेतनमर्यादा ओलांडून जे कामगार निवृत्तीपूर्वीच योजनेबाहेर गेले, त्यांना अनेक वर्षे अंशदान देऊनही ही सवलत मिळत नसे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महामंडळाने अशांपैकी काहींसाठी अटी शिथिल करण्यास मान्यता दिली.

बेकारी : कारखाना बंद पडल्याने, कामगारकपातीने किंवा कायमच्या अपंगत्वाने बेकार झालेल्या विमेदारांसाठी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना १ एप्रिल २००५ पासून सुरू झाली. तिच्यात बेकारी भत्त्याबरोबर त्या मुदतीपुरत्या वैद्यकीय सेवेचीही तरतूद करण्यात आली. तथापि जो कामगार चाळिशीत राजीनामा देतो किंवा ज्याचे कंत्राट संपते, तो निवृत्त, अपंग व कपातग्रस्त यांपैकी कोणत्याही वर्गात बसत नाही. लाभकाल संपल्यावर वर्गणी भरण्याची तयारी असूनही त्याला योजनेत राहता येत नाही. कंत्राटी व अल्पमुदतीच्या कामगारांचे प्रमाण जेथे मोठे असते, तेथे ही उणीव अधिक जाणवते.

सामूहिक विमा : वेतनमर्यादेवरील कर्मचाऱ्यांसाठी अनेक आस्थापना विमा कंपन्यांकडून सामूहिक पॉलिसी घेतात. अशा पॉलिसीतील संरक्षण सामान्यतः नोकरीच्या अखेरच्या दिवशी संपते. मात्र विमा नियामक प्राधिकरणाच्या नियमांनुसार सदस्यास त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक अथवा कौटुंबिक पॉलिसीत स्थलांतर करता येते. पूर्वीपासून असलेल्या आजारांसाठीच्या प्रतीक्षाकालापैकी सामूहिक पॉलिसीत पूर्ण झालेला काळ मागील विमारकमेच्या मर्यादेत नव्या पॉलिसीत धरला जातो, हा स्थलांतराचा मुख्य लाभ होय. २०२४ च्या विनियमांनी या प्रतीक्षाकालाची कमाल मर्यादा ३६ महिने केली. नवी पॉलिसी कंपनीच्या जोखीमपरीक्षणास अधीन असते व तिचा संपूर्ण हप्ता स्वतःच भरावा लागतो. त्यामुळे नोकरी सोडण्यापूर्वीच अर्ज करणे इष्ट असते. मध्ये खंड पडल्यास हा लाभ गमावण्याचा संभव असतो.

अमेरिकेत १९८५ च्या अर्थसंकल्पविषयक एकत्रित कायद्याने (‘कोब्रा’) सामान्यतः २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांच्या आरोग्ययोजनांत नोकरी सुटल्यानंतर साधारणपणे १८ महिन्यांपर्यंत राहण्याचा हक्क दिला. तेथे गैरवर्तनाखेरीज नोकरी सुटण्याच्या इतर कारणांत भेद केला जात नाही. मात्र मालकाच्या हिश्शासह हप्त्याच्या १०२ टक्क्यांपर्यंत रक्कम कर्मचाऱ्याकडून घेता येते. भारतीय व्यवस्था निवृत्तांना अत्यल्प दरात संरक्षण देते, पण नोकरी सुटण्याच्या कारणावर हक्क अवलंबून ठेवते. अमेरिकन व्यवस्था हक्क व्यापक ठेवते, पण त्याचा भार बेकारीच्या काळातच टाकते.

महाराष्ट्रात २०१२ मध्ये सुरू झालेली व २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना या नावाने चालणारी शासकीय योजना नोकरीवर अवलंबून नाही. ठरावीक आजारांच्या रुग्णालयीन उपचारांत ती आधार देते. तथापि रोजची औषधे व नियमित तपासणी यांची गरज तिने भागत नाही. कामगार राज्य विम्यातील नेमका हाच भागही नोकरी गेलेल्या जुनाट रुग्णास लाभकाल संपल्यावर गमवावा लागतो. अंशदानाच्या वर्षांचा विचार करून, नोकरी सुटण्याचे कारण न पाहता, माफक वर्गणीवर हा लाभ चालू ठेवण्याची तरतूद झाल्यास ही उणीव बऱ्याच अंशी दूर होऊ शकेल.