पांढरे सोने आणि चार गरीब देश

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाच्या दक्षिण भागात पहिल्या पावसावर कापूस पेरतात. दिवाळीच्या सुमारास बोंडे फुटू लागली की घरातली लहानथोर माणसे वेचणीला उतरतात. शेत दोन-चार हेक्टरांचे, ओलित नाही, औताला बैल. विदर्भातल्या कास्तकाराला हे चित्र ओळखीचे वाटेल. कापसाला तिकडेही पांढरे सोनेच म्हणतात. या सोन्याचा भाव मात्र गावात ठरत नाही आणि देशाच्या राजधानीतही ठरत नाही.

तिथली पद्धत आधी समजून घेऊ. मालीत 1974 पासून सीएमडीटी नावाची कंपनी आहे, शेजारच्या बुर्किना फासोत सोफिटेक्स. हंगामाच्या तोंडावर कंपनी बियाणे, खत आणि फवारणीचे औषध उधारीवर देते. देशभर एकच भाव जाहीर होतो, म्हणजे सडकेला लागून असलेल्या गावाला जो दर, तोच आडवळणाच्या गावाला. कापूस मोजून घेताना उधारी कापून उरलेली रक्कम हातावर ठेवली जाते. आपल्याकडच्या एकाधिकार खरेदी योजनेची आठवण व्हावी अशी ही व्यवस्था. तिचा फायदा आहेच, पण जाचही आहे. उधारीची हमी साऱ्या गावाची असते. एकाचे पीक बुडाले तर त्याच्या खताचे पैसे शेजाऱ्यांच्या मापातून वळते होतात. 2000 साली मालीतले शेतकरी भावावर आणि कर्जावर इतके चिडले, की हजारोंनी कापूस पेरलाच नाही. त्या हंगामात देशाचे उत्पादन जवळजवळ निम्म्यावर आले.

आता कंपनी तरी भाव कशावरून ठरवणार? रुईच्या गाठी परदेशी जातात आणि जगाच्या बाजारात त्यांची किंमत डॉलरमध्ये होते. या देशांचे चलन सीएफए फ्रँक. ते युरोला बांधलेले आहे. डॉलर घसरला की तीच गाठ, तेवढेच सेंट, पण हातात येणारे फ्रँक कमी. शेतकऱ्याचे त्यात काडीचेही चुकलेले नसते.

याहून मोठा घाव अनुदानाचा. ऑक्सफॅम या संस्थेने 2002 मध्ये हिशेब मांडला होता. अमेरिकेत कापूस पिकवणारे शेतकरी सुमारे 25 हजार, आणि 2001-02 च्या हंगामात त्यांना मिळालेले सरकारी साहाय्य 3.9 अब्ज डॉलर. बुर्किना फासोचे त्या काळचे सबंध राष्ट्रीय उत्पन्नही एवढे नव्हते. हे पैसे अमेरिकेने आपल्या माणसांना दिले, त्यात दुसऱ्याचे काय गेले, असे कुणी विचारील. गेले ते असे. बाजार पडला की साधा शेतकरी दुसरे पीक घेतो, मालाची आवक कमी होते आणि भाव सावरतो. अमेरिकन शेतकऱ्याला मात्र पडलेल्या भावातली तूट सरकार भरून देत होते, म्हणून तो पेरतच राहिला. अमेरिका तेव्हा कापसाचा सर्वांत मोठा निर्यातदार होता. त्यामुळे तिथला जास्तीचा माल जगाच्या बाजारात उतरला आणि भाव आणखी खाली गेला. तूट भरून द्यायला मालीच्या शेतकऱ्यामागे कुणी नव्हते.

बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार देशांनी 2003 मध्ये हा प्रश्न जागतिक व्यापार संघटनेपुढे नेला. जूनमध्ये बुर्किनाचे तेव्हाचे अध्यक्ष ब्लेझ कॉम्पाओरे स्वतः जिनिव्हाला जाऊन बोलले. आम्हाला मदत नको, नियम पाळा, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. अनुदाने तीन वर्षांत बंद करा आणि तोवर नुकसानभरपाई द्या, ही मागणी. सप्टेंबरमध्ये मेक्सिकोतल्या कानकूनला परिषद भरली. तिथल्या मसुद्यात त्यांना उत्तर मिळाले ते साधारण असे, की या देशांनी कापसावर अवलंबून न राहता दुसरे उद्योग शोधावेत आणि त्यासाठी साहाय्याचा विचार व्हावा. चोराला सोडून घरमालकालाच घर बदलायला सांगण्यातला हा प्रकार! ती परिषद मोडली, आणि ती मोडण्यात कापसाचा वाटा लहान नव्हता.

ब्राझीलने दुसरी वाट धरली. त्याने 2002 मध्ये अमेरिकेविरुद्ध रीतसर तक्रार गुदरली आणि 2005 मध्ये अपिलातही ती जिंकली. बेनिन आणि चाड या खटल्यात त्रयस्थ पक्ष म्हणून उभे होते. अमेरिकेने अनुदाने पुरेशी हटवली नाहीत, तेव्हा ब्राझीलला तिच्या मालावर जकात लावायची मुभा मिळाली. मग 2010 मध्ये तडजोड झाली. अमेरिकेने ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी वर्षाला 14 कोटी 73 लाख डॉलर देऊ केले, आणि 2014 मध्ये आणखी 30 कोटी देऊन प्रकरण मिटवले. चाड आणि बेनिनच्या वाट्याला यातले काही आले नाही. ब्राझीलच्या हातात अमेरिकेला झोंबेल असा व्यापार होता, यांच्या हातात नव्हता. मला या साऱ्या कहाणीतला हाच भाग सर्वांत बोचतो.

परिषदा होत राहिल्या. 2005 च्या हाँगकाँग आणि 2015 च्या नैरोबी परिषदेत निर्यात अनुदाने बंद करण्याचे ठरले. पण खरा पैसा देशांतर्गत साहाय्यातून जातो, त्याला हात लागला नाही. अमेरिकेत 2014 च्या शेती कायद्याने कापसाची जुनी योजना काढून विमा आणला, आणि 2018 मध्ये सरकीसकटचा कापूस पुन्हा भावतुटीच्या योजनेत आला. दोष एकट्या अमेरिकेचाही राहिलेला नाही. पुढच्या काळात चीनने आपल्या शेतकऱ्यांना चढा भाव देऊन प्रचंड साठे केले. आपला हमीभावही तिकडे चर्चेत निघतो. यवतमाळच्या कास्तकाराला दिलेला आधार आणि बामाकोजवळच्या शेतकऱ्याचा भाव यांचा संबंध असू शकतो, हे मान्य करणे आपल्याला जड जाते, पण ते टाळून चालणार नाही.

न्याय्य व्यापाराचे शिक्के लावलेला कापूस 2005 च्या सुमारास युरोपात विकला जाऊ लागला. त्यात किमान भाव बांधलेला असतो आणि वर थोडी रक्कम गावाच्या संस्थेला मिळते. शाळा, विहीर, गोदाम कशावर खर्चायची ते गाव ठरवते. ज्यांना मिळाले त्यांचे भले झाले. मात्र असा कापूस एकूण पिकाच्या मानाने फारच थोडा खपतो, आणि उरलेला माल सहकारी संस्थेला नेहमीच्याच भावाने द्यावा लागतो.

मोठी मिळकत पुढच्या टप्प्यांत आहे. गाठ निघून गेली की सूत, कापड, शिलाई यांची मजुरी दुसऱ्या देशांत पडते. या चार देशांत पिकणाऱ्या रुईपैकी अगदी थोडी तिथेच कातली जाते. वीज महाग आणि बेभरवशाची, भांडवल कमी, त्यात माली, बुर्किना आणि चाड यांना समुद्रकिनारा नाही. किनारा आहे तो बेनिनला, आणि अलीकडच्या काही हंगामांत तो आफ्रिकेतला सर्वांत मोठा कापूस उत्पादक ठरला आहे. कोतोनू बंदरापासून थोड्या अंतरावर ग्लो-जिग्बे येथे त्याने औद्योगिक वसाहत उभारली आहे. तिथल्या गिरण्यांत आता बेनिनच्याच रुईचे सूत निघते आणि त्याचे कपडे शिवून बाहेर जाऊ लागले आहेत.