पहिल्या पिढीच्या फोर्ड मस्टँगच्या पुढील सस्पेन्शन व स्टीयरिंगमधील सुधारणा

पहिल्या पिढीच्या फोर्ड मस्टँगच्या (१९६४–१९७३) पुढील सस्पेन्शन आणि स्टीयरिंगमधील सुधारणा म्हणजे या अमेरिकी मोटारीची वळणावरील पकड, सरळ मार्गावरील स्थैर्य आणि स्टीयरिंगची अचूकता वाढविण्यासाठी केले जाणारे यांत्रिक बदल होत. झिजलेले रबरी बुश बदलण्यापासून मूळ यंत्रणा काढून रॅक अँड पिनियन स्टीयरिंग बसविण्यापर्यंत या बदलांची व्याप्ती आहे. सस्पेन्शन आणि स्टीयरिंग यांची भूमिती परस्परांशी निगडित असल्याने एका भागातील बदलाचा परिणाम दुसऱ्यावर होतो. म्हणून हे बदल सुटे सुटे न करता एकत्रित विचाराने करणे आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी

मस्टँगचे अनावरण १७ एप्रिल १९६४ रोजी न्यू यॉर्क येथील जागतिक मेळ्यात झाले. किंमत आटोक्यात ठेवण्यासाठी फोर्डने तिच्यात फाल्कन या साध्या कौटुंबिक मोटारीचे अनेक भाग वापरले होते. पुढील सस्पेन्शनही त्याच धाटणीचे होते. प्रत्येक चाकासाठी वर त्रिकोणी आर्म, खाली एकच आडवा आर्म आणि त्या खालच्या आर्मला पुढून आधार देणारा तिरपा स्ट्रट रॉड अशी ही रचना आहे. कॉइल स्प्रिंग वरच्या आर्मवर टेकलेली असून तिचे वरचे टोक इंजिनाच्या बाजूस असलेल्या पत्र्याच्या उंच बुरुजात, म्हणजे शॉक टॉवरमध्ये बसते. शॉक अॅब्सॉर्बर स्प्रिंगच्या आतूनच जातो.

स्टीयरिंगसाठी रिसर्क्युलेटिंग बॉल प्रकारची पेटी वापरलेली आहे. तिची गती पिटमन आर्म, मधला दांडा, आयडलर आर्म आणि टाय रॉड यांच्यामार्फत चाकांपर्यंत पोचते. १९७० पर्यंतच्या पॉवर स्टीयरिंग असलेल्या गाड्यांत हायड्रॉलिक साहाय्य पेटीत नसून मधल्या दांड्याला जोडलेल्या झडपेतून आणि सिलिंडरमधून मिळते. या साखळीतील प्रत्येक सांध्यात थोडी झीज झाली तरी स्टीयरिंग व्हीलवर ती सैलपणाच्या रूपाने एकत्रितपणे जाणवते.

मूळ रचनेच्या मर्यादा

मूळ भूमितीत गाडी वळणावर कलली की बाहेरच्या चाकाचा माथाही बाहेर कलतो. त्यामुळे टायरचा पूर्ण तळ रस्त्याला न टेकता भार बाहेरच्या कडेवर येतो, पकड कमी होते आणि गाडी वळणाबाहेर सरकू लागते. नुसत्या कडक स्प्रिंगा बसविल्याने कलणे कमी होते, परंतु हा मूळ दोष नाहीसा होत नाही.

दुसरी मर्यादा टायरांशी संबंधित आहे. ही गाडी त्या काळच्या बायस-प्लाय टायरांसाठी आखलेली होती. रेडियल टायरांना चाकांचे वेगळे कोन मानवतात.

वरच्या आर्मची जागा खाली आणणे

या दोषावरील उपाय फोर्डमध्येच शोधला गेला. त्याचे श्रेय फोर्डचे अभियंता क्लाउस आर्निंग यांना दिले जाते. वरच्या आर्मची आतली बिजागरी सुमारे २५ मिलिमीटर (१ इंच) खाली आणली की, चाक वर उचलले जाताना वरचा बॉल जॉइंट आत ओढला जातो आणि चाकाचा माथा गाडीकडे झुकतो. परिणामी वळणावर बाहेरचे टायर अधिक सपाट टेकते. शिवाय रोल सेंटर वर गेल्याने गाडी कमी कलते.

कॅरल शेल्बी यांच्या कंपनीने १९६५ च्या जीटी३५० या मस्टँगमध्ये हा बदल वापरला. त्यासोबत कोनी शॉक अॅब्सॉर्बर, १ इंच जाडीचा अँटी-रोल बार, शॉक टॉवरांना परस्परांशी आणि मागील पत्र्याशी जोडणारे आधार, तसेच स्टीयरिंग जलद करणारे अधिक लांबीचे पिटमन व आयडलर आर्म बसविले होते. या बदलासाठी टॉवरमध्ये नेमक्या मापाच्या साच्याने नवी छिद्रे पाडावी लागतात; नवे सुटे भाग जवळजवळ लागत नाहीत. मात्र आर्म याहून अधिक खाली आणल्यास बॉल जॉइंट आपल्या हालचालीच्या मर्यादेला भिडू शकतो; अशा वेळी त्याचा बसविण्याचा कोन बदलणारी पाचर वापरतात.

स्टीयरिंगमधील पर्याय

मूळ पेटी दुरुस्त करून तिच्यातील सैलपणा काढणे हा सर्वांत साधा उपाय होय. साध्या स्टीयरिंगची पेटी १९:१ गुणोत्तराची होती. तिच्याऐवजी १६:१ गुणोत्तराची जलद पेटी बसविता येते. मात्र गाडी उभी असताना चाके वळविण्यास मग अधिक जोर लागतो.

रॅक अँड पिनियन स्टीयरिंगमुळे सांध्यांची संख्या घटते. तथापि मस्टँगमध्ये टाय रॉड चाकांच्या अक्षामागे आणि इंजिनाच्या तेलपात्राखाली असल्याने रॅकसाठी जागा अपुरी पडते. रॅकचे आतले सांधे योग्य ठिकाणी नसतील, तर चाक वर-खाली होताना टाय रॉड आणि सस्पेन्शनचे आर्म वेगवेगळे कंस रेखतात. अशा वेळी स्टीयरिंग व्हील न फिरविताही चाके दिशा बदलतात. यास बंप स्टीयर म्हणतात. खड्ड्यावरून जाताना गाडी आपोआप बाजूला ओढली जाणे हे त्याचे लक्षण असून वेगात ते धोकादायक असते. रॅक बसविल्यानंतर स्प्रिंग काढून, चाक टप्प्याटप्प्याने उचलून प्रत्येक उंचीवर त्याची दिशा मोजणे हीच याची खात्रीची परीक्षा होय.

मस्टँग II (१९७४–१९७८) या पुढील पिढीच्या धर्तीवरील संपूर्ण पुढील सस्पेन्शन बसविण्याचा पर्यायही प्रचलित आहे. त्यात रॅक अक्षापुढे असतो आणि शॉक टॉवर कापून इंजिनासाठी जागा करता येते. परंतु मस्टँगला स्वतंत्र चासी नाही. टॉवर हे तिच्या सांगाड्याचे भारवाहक भाग आहेत. ते काढल्यास पुढील सांगाड्याला पुरेसे पर्यायी बळकटीकरण द्यावे लागते.

कामाचा क्रम

प्रथम बॉल जॉइंट, बुश, टाय रॉडची टोके आणि आयडलर आर्म तपासून झिजलेले भाग बदलतात व टॉवरांना तडे अथवा गंज नाही हे पाहतात. त्यानंतर टॉवरांचे आधार, आर्मची भूमिती, मग स्प्रिंगा, शॉक अॅब्सॉर्बर व अँटी-रोल बार आणि शेवटी स्टीयरिंग असा क्रम सोयीचा ठरतो. सुरुवातीच्या वर्षांतील सहा सिलिंडरच्या गाड्यांना चार नटांची चाके व हलके स्टीयरिंग भाग होते, तर व्ही-८ गाड्यांना पाच नटांची चाके होती. त्यामुळे सुटे भाग निवडताना मूळ इंजिनाचा प्रकार माहीत असावा लागतो.

सर्व बदलांनंतर व्हील अलाइनमेंट अनिवार्य आहे. रेडियल टायरांसह रस्त्यावर चालविण्यासाठी साधारणतः अर्धा ते एक अंश ऋण कँबर, दोन ते तीन अंश धन कॅस्टर आणि सुमारे ३ मिलिमीटर टो-इन ठेवतात.

सुरक्षितता

दाबलेल्या कॉइल स्प्रिंगमध्ये मोठी ऊर्जा साठलेली असते. योग्य स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय ती काढल्यास प्राणघातक इजा होऊ शकते. स्ट्रट रॉडच्या टोकाशी अति कडक पॉलियुरेथेन बुश वापरल्यास रॉडच्या कोनीय हालचालीला अडथळा येऊन तो तुटू शकतो. स्टीयरिंगचे आर्म तापवून वाकविणे किंवा वेल्डिंग करून जोडणे टाळावे. प्रत्येक खाचांच्या नटात नवी स्प्लिट पिन घालावी.